डोक्यावरची धोका पातळी

पावसाळा लागला की रायगड जिल्ह्यात रोज सकाळी मोबाइलवर नद्यांचं पत्रक येतं. सावित्री महाडला किती, अंबा नागोठण्याला किती, पाताळगंगा लोहोपला किती आणि आमची कुंडलिका डोलवहाळला किती. प्रत्येक नदीच्या नावापुढे दोन आकडे कायमचे ठरलेले असतात, इशारा पातळी आणि धोका पातळी. कुंडलिकेचे अनुक्रमे 23 मीटर आणि 23.95 मीटर. मधल्या पंच्याण्णव सेंटिमीटरांत तिच्या दोन काठांवरच्या रोहेकरांचं आणि अष्टमीकरांचं सगळं आपत्ती व्यवस्थापन उरकतं. इशारा ओलांडला की मोटरसायकली ओट्यावर चढतात. धोका ओलांडला की त्यांचे मालक छत्र्या घेऊन पुलावर पाणी बघायला जातात.

अष्टमीतल्या कुरळ्या केसांच्या बायकांना हे पत्रक लागत नाही. आमची नोंद डोक्यावरच होते. केस कानांच्या बाहेर फुगले तर इशारा. रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी तोंडात केस गेला म्हणून मान तिरकी केली, की धोका. विसर्ग रोखायला धरण नसतं, एक क्लचर असतो, आणि त्याचे दात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पडलेले असतात.

यात कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण विज्ञान माझ्या बाजूनं आहे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी 1783 च्या सुमारास माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रतामापक यंत्र जगापुढे ठेवलं. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. या तत्त्वावरची यंत्रं पुढे वेधशाळांमधून वर्षानुवर्षं चालली. ठणठणीत कोरड्या हवेपासून गच्च दमट हवेपर्यंत केसाची लांबी वाढते ती जेमतेम दोन-अडीच टक्के. तेवढ्या फरकावर शास्त्रज्ञांनी हवामान ओळखलं. आमच्या घरात तेच यंत्र डोकंभर लटकलेलं आहे, तरी घरातली माणसं कपडे वाळत घालायचे की नाही हे मोबाइलला विचारतात. सोस्यूरसाहेब केस यंत्रात बसवण्याआधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातला तेलकटपणा काढून टाकायचे. ते अष्टमीत आले असते तर संशोधन तिथेच संपलं असतं. इथल्या केसातलं खोबरेल एका उकळीत निघणारं नाही.

केस म्हणजे केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे दोर. हे दोर एकमेकांना दोन तऱ्हेच्या गाठींनी बांधलेले असतात. एक गाठ कच्ची. पाणी लागलं की सुटते आणि केस वाळताना जिथे असेल तिथे पुन्हा बसते. दुसरी पक्की, गंधकाची. ती नुसत्या पाण्याला दाद देत नाही. सगळी भानगड कच्च्या गाठींची आहे. केस ओला असताना आपण त्याच्याशी जसं वागू, तसा तो दिवसभर आपल्याशी वागतो. शिवाय दमट हवेतलं पाणीही या गाठी हळूहळू सोडवत राहतं. त्यामुळे सकाळी अष्टमीच्या बाजूनं पुलावर चढलेलं डोकं आणि रोह्याच्या बाजूला उतरलेलं डोकं एकाच बाईचं आहे हे कधी कधी पटवून द्यावं लागतं. मध्ये फक्त कुंडलिका असते आणि खाडीवरून येणारा वारा. त्यातून आमचे केस कुरळे, म्हणजे टाळूवरचा तेलाचा अंश वळणावळणांनी टोकापर्यंत पोचेतो बुधवारचा गुरुवार होतो. मुळं तेलकट, टोकं भुसभुशीत. एकाच केसाला एकाच वेळी शाम्पूही हवा असतो आणि तेलही.

खरं तर वाळवण ही आमच्या जिल्ह्याची पिढीजात विद्या. पेणला पोह्याचे पापड वाळतात. त्याच पेणला, हमरापूर-जोह्याकडे, भर आषाढात गणपती वाळतात. बाहेर आभाळ फाटलेलं आणि आत शेडमध्ये ओळीनं मूर्ती, पंख्याच्या वाऱ्याला, दिव्यांच्या उबेला. शाडूच्या मूर्तीला घाई केली की तडा जातो हे तिथलं शाळकरी पोरही सांगेल. किनाऱ्याला बोंबील वाळतात, जवळा वाळतो, अंगणात वाल आणि कोकमं वाळतात. मृगाच्या आत सगळं डब्यात भरून, झाकणं घट्ट लावून तयार. केस मात्र मे महिन्यात वाळवून ठेवता येत नाहीत.

कोरडी हवा आमच्याकडे येतच नाही असं नाही. 28 मार्च 2017 ला कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिऱ्यात 46.5 अंश तापमान नोंदलं गेलं आणि जन्मात रायगड न पाहिलेल्या लोकांनी नकाशात भिरा शोधला. त्या दिवशी न्हायलेल्या बाईचे केस मोरीतून माजघरात येईपर्यंत वाळले असतील. पण असा मुहूर्त दरवर्षी मिळत नाही. भिऱ्याची एरवीची ख्याती विजेची. टाटांचं जलविद्युत केंद्र तिथे 1927 पासून आहे आणि त्याची वीज पहिल्यापासून मुंबईसाठी. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडतात आणि त्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं. म्हणजे भिऱ्याच्या विजेवर मुंबईकर केस वाळवतात आणि उरलेल्या पाण्यात शनिवारी येऊन ते पुन्हा भिजवून घेतात. आमच्याकडे पहिला ढग गडगडला की लाईट जाते, आणि हातात ड्रायर असेल त्या घरची आधी जाते असा अष्टमीतल्या बायकांचा अनुभव आहे.

लाईट जाण्याला माझ्या सासूबाईंनी कधीच महत्त्व दिलं नाही. त्यांचं शास्त्र विजेच्या आधीचं. “टॉवेल अंगाला, पंचा डोक्याला” हे त्यातलं पहिलं कलम. टॉवेलच्या लूपमध्ये केसाचे खवले अडकतात, केस पिंजारतो, पंच्याचं सुती कापड सपाट असतं, हे सगळं मला पुढे कुठेतरी वाचून कळलं. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं: “केस पुसायचे नसतात गं, टिपायचे असतात.” त्यापुढचं कलम शेगडीचं. अंगणातली जुनी लोखंडी शेगडी, तिच्यात चार निखारे, वर चिमूटभर धूप. त्या पाटावर बसणार, मान मागे टाकणार, केस पाठीमागून धुरावर सोडणार आणि एका हातानं बोटं आतून फिरवत राहणार. बोटं फिरवायची, कंगवा नाही. कंगव्याला परवानगी नंतर, तीही टोकांकडून मुळांकडे. डोळे मिटलेले, दुसऱ्या हातात जपमाळ. अर्ध्या तासात केस वाळतात, जपही होतो आणि डासही जातात. एवढी कामं एका खर्चात करणारं यंत्र बाजारात अजून आलेलं नाही.

मात्र त्यांच्या शास्त्रातलं एक कलम मला कधी झेपलं नाही. केस पुढे घेऊन पंच्याला पीळ देऊन फटाफट झटकायचे. सरळ केसांतून पाणी उडतं. कुरळ्या केसांचा त्यातून जो काही आकार तयार होतो, तो विंचरायला घरातली दुसरी बाई लागते.

कुरळे केस हा आमच्या काळात दोषच होता. शाळेत दोन वेण्या घालून, वर दुमडून, रिबिनीनं आवळून ते दिसणार नाहीत याची तजवीज करावी लागे. मुलं ‘झाकीर हुसेन’ म्हणून हाक मारायची. माहीमचे उस्ताद चहाच्या जाहिरातीत तबल्यावर हात टाकून मान हलवत, केस उडत आणि सगळा देश वाहवा करी. मी मान हलवली की बाई म्हणत, “मागच्या मुलींना फळा दिसत नाही.” माझ्या नंतरच्या पिढीला ‘मॅगी’ म्हणतात. उस्तादांवरून दोन मिनिटांच्या शेवयांवर येणं ही प्रगती नव्हे, पण ते असो. स्थळं पाहताना तर आईनं एका मध्यस्थ काकूंना सांगितलं होतं, “केस थोडे कुरळे आहेत, पण स्वभाव सरळ आहे.”

मग 2016 च्या सुमारास मिथिला पालकर नावाच्या मुलीनं प्लॅस्टिकच्या कपावर ताल धरून एक जुनं मराठी गाणं म्हटलं, ते घरोघर पाहिलं गेलं आणि तिच्या डोक्यावर माझ्यासारखेच केस होते. त्यानंतर लग्नकार्यात अनोळखी बायका जवळ येऊन विचारू लागल्या, “तुमचे ओरिजिनल आहेत?” हा प्रश्न याआधी फक्त दागिन्यांबद्दल विचारला जात असे.

ओरिजिनल केसांची निगा ओरिजिनल पद्धतीनं राखायची नसते, हे मला पुण्याच्या धाकट्या नणंदेनं शिकवलं. लोरेन मॅसी नावाच्या बाईंनी 2001 साली कुरळ्या केसांवर एक पुस्तकच काढलं, आणि त्यातून निघालेल्या पद्धतीवर आता जगभरच्या कुरळ्या बायका चालतात. सल्फेटवाला शाम्पू बंद. सिलिकॉन बंद. कोरड्या केसांना कंगवा लावणं तर पापच. डोकं खाली करून, पाणी निथळत असतानाच हातभर जेल लावायचं, केस मुठीत धरून वर दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. त्यानंतर ड्रायरला चाळणीसारखं तोंड बसवून दुरूनच थंड वारा द्यायचा. वाळल्यावर केसांवर जेलचा कडक पापुद्रा येतो, तो मग दोन थेंब तेल हाताला लावून मोडायचा. सासूबाई हे सगळं दारातून बघत होत्या. “शेवटी तेलच ना?” एवढंच विचारून त्या वाटाणे सोलायला निघून गेल्या.

पुण्याचं जेल अष्टमीला का चालत नाही, हे कळायला जुलै यावा लागला. त्यात ग्लिसरीन असतं. ग्लिसरीनचं काम हवेतलं पाणी ओढून घेऊन केसांना देणं. पुण्याच्या हवेत ओढायला बेताचंच असतं, त्यामुळे ते सभ्यपणे वागतं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे ग्लिसरीनला ओव्हरटाइम लागतो. सकाळी नणंदेच्या केसांच्या रेखीव बटा होत्या, दुपारच्या चहाला त्यांचा एकच अखंड भारत झाला होता. “वहिनी, तुमच्याकडची हवाच वाईट,” म्हणत ती संध्याकाळच्या गाडीनं पुण्याकडे निघाली. जेलची बाटली मात्र मला ठेवून गेली.

या पद्धतीत एक प्रकार आहे, केस सुती टी-शर्टमध्ये गुंडाळून ठेवण्याचा. टी-शर्ट पलंगावर पसरायचा, वाकून केस त्याच्या मधोमध सोडायचे, खालची कड मानेमागे घ्यायची आणि बाह्यांची गाठ कपाळावर मारायची. बटा डोक्यावर जागच्या जागी बसतात, पाणी कापड शोषून घेतं. पंच्याचंच तत्त्व, फक्त पंचा स्वस्तात मिळतो आणि त्याला परदेशी नाव नाही. घरात मऊ, सुती, धुऊन धुऊन विरलेला असा एकच टी-शर्ट होता. रायगडात तो प्रत्येक घरात असतो, टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचा. छातीवर स्पर्धेचं नाव आणि पाठीवर प्रायोजक दादांचा हात जोडलेला फोटो, खाली ‘भावी नगरसेवक’. नगरपरिषदेच्या निवडणुकीचे दिवस होते. मी गाठ मारली, दादा नेमके माझ्या कपाळावर आले, आणि दारावरची बेल वाजली.

दारात विरुद्ध पार्टीचे दादा. मागे पंधरा-वीस कार्यकर्ते, एकाच्या हातात पत्रकं, एकाच्या हातात मोबाइल, शूटिंग चालू. उमेदवारानं नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच राहिले. समोर माझ्या कपाळावरही एकानं हात जोडलेलेच होते. दोन्ही उमेदवारांची अशी समोरासमोर भेट त्या निवडणुकीत बहुधा दुसरीकडे कुठे झाली नसेल.

“वहिनी,” ते जरा वेळानं म्हणाले, “तुमचं ठरलेलंच दिसतंय.”

“नाही हो, केस वाळत घातलेत.”

“असू दे, असू दे. लोकशाही आहे.” पत्रक मात्र त्यांनी दिलं. जाताना मागचा एक कार्यकर्ता दुसऱ्याला दबक्या आवाजात सांगत होता की समोरच्यांनी आता बायकांना डोक्याला बांधायलाही टी-शर्ट वाटलेत, आपण निदान छत्र्या तरी वाटायला हव्या होत्या.

एवढे सगळे उपद्व्याप करण्यापेक्षा केसच सरळ करून टाकावेत असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही. माझ्या भाचीला वाटलं. पनवेलला कॉलेज, दिवा-रोहा गाडीनं येणं-जाणं, डोकं थेट माझ्या घराण्याचं. गाडीत खिडकीशी बसून ओले केस वाळवायचे आणि पनवेलला उतरल्यावर मैत्रिणींनी ओळखायचं नाही, याला ती कंटाळली होती. मामेबहिणीचं लग्न ठरलं, तसं तिनं जाहीर केलं की ती स्मूदनिंग करणार. मे महिन्याचा शेवटचा आठवडा धरला. पाऊस जूनमध्ये येतो हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. साल मात्र 2025 होतं.

मी तिच्याबरोबर पुलापलीकडच्या पार्लरमध्ये गेले. पार्लरवाल्या ताईंनी भाचीच्या आधी माझ्या डोक्यात हात घातला आणि प्रत्येक पार्लरमध्ये जे वाक्य प्रवेशशुल्कासारखं ऐकावं लागतं ते म्हटलं, “केस खूपच ड्राय आणि रफ झालेत हो तुमचे.” भिंतीवर फोटोंच्या दोन रांगा होत्या, ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’. ‘बिफोर’मध्ये वरून दुसरं डोकं मला ओळखीचं वाटलं. पाठमोरं, पावसाळी, पूर्ण फुललेलं. मागे कधीतरी टोकं कापायला गेले होते तेव्हा ताईंनी “असाच एक काढते हां” म्हणून फोटो काढला होता. त्याच्या समोरच्या ‘आफ्टर’मधल्या सरळ केसांच्या बाई मी नव्हते, पण तसं वाटावं अशी मांडणी होती.

काम सकाळी सुरू झालं ते संध्याकाळी संपलं. आधी शाम्पू, मग पहिलं क्रीम. याचं काम पक्क्या, गंधकाच्या गाठी तोडणं. मग धुवायचं, वाळवायचं, मग बोटभर जाडीची एकेक बट घेऊन दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या इस्त्रीतून काढायची. गाठी सुटलेल्या अवस्थेत केस सरळ ताणलेला असतो, त्यावर दुसरं क्रीम लावलं की गाठी त्याच सरळ जागी पुन्हा बसतात. पहिल्या क्रीमचा वास असा, की अंडं नासलंय आणि त्यावर कुणीतरी अत्तर शिंपडलंय. तो भाचीच्या डोक्याबरोबर घरी आला. रात्री शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, “धाटावला काही सुटलंय का गं?” धाटावची एमआयडीसी जवळ असल्यामुळे आमच्याकडे कुठल्याही वासाचा पहिला संशय तिकडेच जातो. यावेळी ती बिचारी निर्दोष होती.

काकूंचे यजमान धाटावलाच एका कंपनीत केमिस्ट. त्यांनी ओट्यावर उभं राहून लांबूनच वास घेतला आणि निदान केलं, “थायोग्लायकोलेट.” मग चष्मा वर करून म्हणाले, “आमच्याकडे असल्या ड्रमला हात लावायचा तर हातमोजे, गॉगल, मास्क, आणि रजिस्टरला सही. तू डोक्यावर घेऊन बसलीस आणि वर पैसे दिलेस?”

“काका, केरॅटिन करायला हवं होतं का? ते सौम्य असतं म्हणतात.”

“त्यात गाठी तोडत नाहीत, वर लेप देऊन इस्त्री मारतात. आधी फॉर्मल्डिहाइड असायचं, त्याचा धूर वाईट. मग फॉर्मल्डिहाइड नको म्हणून ग्लायऑक्झिलिक आम्ल आणलं. आता त्यानं किडनीला इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय मासिकांत येतायत.” काका विनोद करत नव्हते. भाचीनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मी केलं ते बरंच केलं ना?” काकांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे फिरवायला हातच काय तो होता.

खरी परीक्षा यापुढची. स्मूदनिंगनंतर तीन दिवस केसांना पाणी लागू द्यायचं नाही. बांधायचे नाहीत, पिन लावायची नाही, कानामागेही सारायचे नाहीत. जिथे दुमडतील तिथे कायमची दुमड बसते. घामही चालत नाही. आणि त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत 26 मेला दाखल झाला. इतक्या लवकर तो तिथे आल्याची नोंद हवामान खात्याकडे नव्हती. आमच्याकडे तर आदल्या दिवसापासूनच कोसळत होता. पार्लरच्या पायऱ्यांवर आम्ही उभ्या, समोर पाण्याची भिंत. हेल्मेट घालता येईना, दुमड बसेल. प्लॅस्टिकची टोपी घालता येईना, घाम येईल. शेवटी रिक्षावाल्या दादांनी ताडपत्री दोन्ही बाजूंनी खाली सोडली, ताईंनी पार्लरमधली चादर दिली आणि पेणहून तोंड झाकून गणपती आणतात तशी आम्ही भाचीला पुलावरून अष्टमीत आणली. ती मान ताठ धरून, समोर बघत, एक शब्द न बोलता. पुलाच्या मध्यावर ताडपत्री फडफडली तेव्हा दादांनी रिक्षा थांबवून ती पुन्हा बांधली. स्वतः भिजले, पण केसालाही धक्का लागू दिला नाही.

ते तीन दिवस घरानं सोवळं पाळलं. भाची उताणी झोपायची, केस उशीवरून मागे पलंगाबाहेर सोडलेले. खालून जाताना त्यावर पाय पडू नये म्हणून सासूबाईंनी दोन खुर्च्या आडव्या लावल्या. स्वयंपाकघरात यायचं नाही, वाफ लागते. पंखा तिच्यावर, लाईट गेली की आम्ही आळीपाळीनं सुपानं वारा घालायचा. “बाळंतिणीचे एवढे लाड नसतात,” सासूबाई म्हणाल्या, आणि सूप माझ्या हातातून घेऊन स्वतःच वारा घालू लागल्या. दुसऱ्या दिवशी दारात सरकारी कर्मचारी कुठल्याशा सर्वेक्षणाला आल्या. पलंगावर निश्चल मुलगी, मागे सोडलेले केस आणि उशाशी वारा घालणारी म्हातारी पाहून त्यांनी फॉर्म न भरताच, “नंतर येते,” म्हटलं.

केस झाले मात्र सुरेख. लग्नात सगळ्यांनी हात लावून पाहिले. ते सरळ झाले आणि बाकी सगळं वाकडं झालं. बोअरच्या पाण्यानं न्हायचं नाही, जड पाण्यानं केस राठ होतात. मग नळाचं पाणी वेगळ्या बादलीत भरून ठेवायचं. काशीदच्या समुद्रात जायचं नाही, खारं पाणी. शाम्पूची बाटली घरातल्या सगळ्यांच्या महिन्याच्या साबणापेक्षा महाग, त्यामुळे ती मोरीत न ठेवता देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात. न्हाऊन झालं की चोळायचं नाही, टिपायचं. टॉवेल नाही, मऊ सुती कापड. ओल्या केसांत कंगवा नाही, आधी बोटं. तेल हलक्या हातानं, फक्त टोकांना. ताईंनी छापील कागदावर या सूचना दिल्या होत्या. भाचीनं त्या मोठ्यानं वाचल्या तेव्हा सासूबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, “याचे वेगळे पैसे घेतले का गं?”

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. नवा येतो तो मुळातून, आणि मुळाला स्मूदनिंगची बातमी पोचलेली नसते. दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांच्या पालखीच्या वेळी, पोलिसांची सशस्त्र सलामी बघायला आम्ही गर्दीत उभ्या होतो, तेव्हा भाचीच्या डोक्यावर वरची दोन बोटं दाट कुरळी आणि त्याखाली एकदम सरळ उतार असा देखावा झाला होता. कॉलेजातल्या मुलींनी त्याला नाव ठेवलंच होतं, ‘रोहा-अष्टमी’. नगरपरिषद एक, पण मध्ये नदी. पुन्हा टचअप करायचं की वाढू द्यायचं, यावर घरात दोन तट पडले. काका म्हणाले, जुन्या ड्रममध्ये नवा माल ओतायचा नसतो, केलेल्या केसांवर पुन्हा तेच क्रीम गेलं की केस तुटतात. तुटलेच थोडे.

मग ती फॅशनच उलटली. कॉलेजात सरळ केसांच्या मुली आता पर्म करून केस कुरळे करून घेऊ लागल्या. ही कला तशी जुनी. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकारानं 1906 च्या सुमारास लंडनला तिचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. पितळेच्या जड, तापलेल्या कांड्यांना केस गुंडाळून बाईंना तासन् तास बसवायचं. त्याआधी त्यानं हा प्रयोग स्वतःच्या बायकोवर केला आणि दोनदा तिचे केस जाळले. तिसऱ्यांदा ती पुन्हा बसली, याला प्रेम म्हणायचं की दुसरा इलाज नसणं, हे इतिहासात नोंदलेलं नाही. आता पितळ गेलं आणि स्मूदनिंगचंच क्रीम आलं. गाठी तोडायच्या आणि यावेळी कांडीभोवती वळवून पुन्हा बसवायच्या.

भाचीनं उरलेले सरळ केस कापून टाकायचं ठरवलं. पण खांद्यावर नुसते नवे केस ठेवायला ते पुरेसे लांब नव्हते, म्हणून खालचा भाग पर्म करून वरच्याला जुळवता येईल का, हे विचारायला आम्ही दोघी पुन्हा पूल ओलांडून गेलो. पार्लर नवं रंगवलं होतं. ताई माझ्या भुवया करत होत्या, मी खुर्चीत डोळे मिटून, कपाळ दोन्ही हातांनी ताणून धरलेलं. भाची भिंतीवरचे फोटो बघत होती.

“ताई, मला हे असे हवेत. सेम असेच. हे ‘आफ्टर’मधलं वरून दुसरं.”

मी एक डोळा उघडला. फोटो तोच होता. पाठमोरा, पावसाळी, पूर्ण फुललेला. फक्त रांग बदलली होती.

“ते ना?” दोरा दातांत धरून ताई म्हणाल्या. “ते आपलंच काम आहे.”